खुब्याच्या सांध्याचा विकासदोष

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत नीट न बसणे, किंवा ती उखळच उथळ राहणे, या अर्भकावस्थेतील विकाराला खुब्याचा विकासदोष म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो 'डीडीएच' असतो. पूर्ण निखळलेला खुबा हजारांत एखाद्या-दुसऱ्या बाळात आढळतो. मुली, पहिलटकरणीची बाळे, घरात हा दोष असलेली बाळे आणि विशेषतः पायाळू बाळे यांत त्याचे प्रमाण अधिक असते. पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते, ही समजूत घरोघरी ठाऊक असते; तिला वैद्यकीय आधार नाही. पायाळू मुलीच्या खुब्याची सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी, हेही तितकेच ठाऊक व्हायला हवे.

हा दोष दुखत नाही, म्हणून बाळ रडत नाही आणि तो नजरेतून सुटतो. नवजात बाळाचे गुडघे दुमडून, मांड्या हळुवार मिटून व फाकवून डॉक्टर बार्लो आणि ऑर्टोलानी या चाचण्या करतात. माथा उखळीत परतताना हाताला गचका जाणवतो. तीन महिन्यांनंतर ही खूण सहसा मिळत नाही. तेव्हा लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकणे, एक पाय आखूड दिसणे, मांडीच्या वळ्या विषम असणे याकडे पाहावे. मात्र दोन्ही खुबे निखळले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. माथ्याचे हाड क्ष-किरणांत दिसू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे चार ते सहा महिन्यांपर्यंत, सोनोग्राफीच उपयोगी ठरते.

ठाणे-नवी मुंबईत सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी बाळ आरोग्य केंद्रात येतेच. त्याच वेळी खुबे तपासून घेता येतात. शंका आल्यास कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतही या दोषाचा समावेश आहे.

सहा महिन्यांच्या आत पाव्हलिक पट्टा बांधतात. तो मांड्या दुमडलेल्या व फाकलेल्या ठेवतो, पण पाय हलवू देतो. सुरुवातीला तो बहुधा दिवसरात्र ठेवावा लागतो, त्यामुळे रोजची मालिश आणि न्हाऊ घालणे काही आठवडे बदलावे लागते. मालिशवाल्या मावशींनाही पाय ताणून सरळ न करण्याविषयी सांगावे. दुपट्यात पाय सरळ, आवळून बांधणे खुब्याला घातक असते, तर बाळाला मांड्या फाकवून कडेवर घेणे हितकारक असते. उशिरा निदान झाल्यास भूल देऊन सांधा बसवून प्लास्टर घालतात, आणि बाळ दीड वर्षाचे झाल्यानंतर बहुधा शस्त्रक्रिया लागते. उपचार यशस्वी झाले तरी हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून क्ष-किरण तपासणी करतात.