इंजिनिअरिंग की इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी

इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी ही मुख्यतः अमेरिकेत मिळणारी 4 वर्षांची वेगळी पदवी आहे, आपल्याकडच्या बीटेकशी तिचा संबंध नाही. हे आधीच सांगतोय कारण बारावीनंतर बाहेर शिकायला जायचं ठरवणाऱ्या नागपूरच्या पोरांच्या घरी घोळ इथूनच सुरू होतो, नावात टेक्नॉलॉजी दिसलं की सगळ्यांना ते बीटेकच वाटतं. भारतात बीई आणि बीटेक एकाच दर्जाच्या पदव्या आहेत, नाव कोणतं ते देणाऱ्या संस्थेवर असतं. नागपूरच्या व्हीएनआयटीचंच बघा ना, 1960 ला व्हीआरसीई नावाचं रीजनल कॉलेज म्हणून सुरू झालं तेव्हा नागपूर विद्यापीठाची बीई मिळायची, 2002 ला एनआयटी झालं आणि मग बीटेक आलं, जुनी मंडळी तर अजूनही व्हीआरसीईच म्हणतात.

खरा फरक गणितात आणि लॅबमध्ये आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि गल्लीतली डीपी, म्हणजे घरोघरी वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, तापते, तेवढं एकच उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगवाला पोरगा कॅल्क्युलसवरचं फिजिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, हीट ट्रान्सफर शिकून ट्रान्सफॉर्मरच्या आत उष्णता कुठे साचते आणि डिझाइनमध्ये काय बदलावं याचा हिशोब मांडायला शिकतो. टेक्नॉलॉजीवाल्याचा जास्त वेळ हातात मीटर घेऊन जातो, तो ट्रान्सफॉर्मरमधलं तेल काढून टेस्ट कपात भरतो, 2.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज हळूहळू वाढवतो आणि ठिणगी कितीवर पडली ते लिहून घेतो, त्यावरून तेल बदलायचं की फिल्टर करायचं ते ठरतं. डीपी वाचवायला दोघंही लागतात आणि यातलं एक काम हलकं समजणं मला साफ चुकीचं वाटतं.

ही फाळणी दुसऱ्या महायुद्धानंतरची. 1955 च्या ग्रिंटर अहवालाने अमेरिकेतलं इंजिनिअरिंग शिक्षण विज्ञान आणि गणिताकडे जोरात वळवलं, वर्कशॉपचे तास कमी होत गेले, मग कारखान्यांना लागणारी हाताची माणसं तयार करायला 1960 च्या दशकात 4 वर्षांचे टेक्नॉलॉजी कोर्स वाढले. आज तिथे मान्यता देणारी संस्था एकच, एबेट, पण तिच्या समित्या वेगळ्या, इंजिनिअरिंगची ईएसी आणि टेक्नॉलॉजीची ईटीएसी. ईएसीच्या कोर्सला गणित आणि मूळ विज्ञानाचे किमान 30 क्रेडिट लागतात. एकमेकांच्या देशातलं शिक्षण मान्य करायचे आंतरराष्ट्रीय करारही वेगळे, इंजिनिअरिंगसाठी 1989 चा वॉशिंग्टन अकॉर्ड, टेक्नॉलॉजीसाठी 2001 चा सिडनी अकॉर्ड. भारत 2014 ला वॉशिंग्टन अकॉर्डचा कायम सदस्य झाला.

पुढे सगळ्यात जास्त अडतं ते लायसन्सला. अमेरिकेत स्वतःच्या सहीने नकाशे पास करायचे तर पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर, लायसन्स लागतं, त्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, बऱ्याच राज्यांत टेक्नॉलॉजीवाल्याला जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि काही राज्यं तर त्या पदवीवर लायसन्स देतच नाहीत. पूल, इमारती, पाणीपुरवठा अशा कामात जायचं असेल तर हे मोठं आहे. उलट कारखान्यातली टेस्टिंग, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी या नोकऱ्यांत लायसन्स सहसा लागतच नाही. तिकडे एमएस करायची इच्छा असेल तरी आधीच बघा, टेक्नॉलॉजीनंतर इंजिनिअरिंगच्या एमएसला गणिताचे जादा विषय करायला लावू शकतात.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे दहावीनंतरचा 3 वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, पण ती पदवी नाही हे लक्षात असू द्या. नागपुरातल्या सदर भागातलं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक 1914 चं. आपल्या डिप्लोमाचं मोठं सुख असं की दार बंद होत नाही, डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेऊन बीई, बीटेक करता येतं आणि बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत आधी मशीनवर हात बसवून मग डिग्रीला जाणारे भाऊ नागपुरात कमी नाहीत.

अमेरिकेत एकाच विद्यापीठात दोन्ही कोर्स असू शकतात. पर्ड्यूत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग एका कॉलेजात आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट नावाच्या दुसऱ्या कॉलेजात आहे. त्यामुळे नुसतं विद्यापीठाचं नाव बघून फॉर्म भरू नका, एबेटच्या यादीत तोच कोर्स शोधा, समोर ईएसी लिहिलंय की ईटीएसी ते बघा आणि पहिल्या दोन वर्षांत कोणतं गणित आहे तेही वाचा, कारण टेक्नॉलॉजीतून मधेच इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तर गणित आणि फिजिक्सचे पेपर परत द्यायची पाळी येऊ शकते, उलट जाणं त्यामानाने सोपं पडतं.