धुराड्याच्या तोंडाशी मोजणी

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेच्या पूर्व भागातल्या आणि कॅनडातल्या कितीतरी गावांत दिवेलागणीला एक दृश्य दिसतं. एखादी जुनी शाळा, चर्चची मागची बाजू किंवा बंद पडलेल्या गिरणीचं आवार. तिथे चार-पाच माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. सगळ्यांच्या माना वर आणि नजर विटांच्या एकाच धुराड्यावर. वर आकाशात लहान, काळपट पक्षी चिवचिवत गोल फिरत असतात. सूर्य मावळतो, वर्तुळ आवळत जातं, आणि मग एक पक्षी पंख उचलून धुराड्यात पडल्यासारखा आत जातो. त्याच्यामागे दुसरा, मग पाच, मग पन्नास. जात्याच्या तोंडात मूठ सोडावी आणि दाणे गरगरत आत ओढले जावेत, तसे ते जातात. खाली बसलेली माणसं त्या वेळात एक शब्द बोलत नाहीत, कारण ती मोजत असतात.

ही मोजणी हौसेखातर सुरू झालेली नाही. ती का करावी लागली, हे समजायचं तर आधी हा पक्षी समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या खाली घरटी करणाऱ्या पाकोळ्या असतात, त्यांच्याच कुळातला हा पक्षी. धुराड्यात राहतो म्हणून त्याला धुराडे-पाकोळी म्हणू. वजन जेमतेम २० ते २५ ग्रॅम, अंग आखूड, पंख विळ्यासारखे लांब. पाकोळीला भिंगरी समजण्याची चूक आपल्याकडे नेहमी होते. तिकडेही तेच झालं. लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला नाव दिलं ते भिंगरीच्या गणातलं, आणि अमेरिकन लोक पुढे किती तरी वर्षं त्याला धुराड्यातली भिंगरीच म्हणत राहिले. पण भिंगरी तारेवर बसते, पाकोळीला ते जमत नाही. तिचे पाय फांदी पकडण्यासाठी नाहीतच. ते उभ्या खडबडीत पृष्ठभागाला नख्या रुतवून लटकण्यासाठी आहेत, आणि शेपटीच्या पिसांची टोकं काट्यांसारखी पुढे आलेली असतात, ती टेकू देतात. खाणं, पिणं, घरट्यासाठी वाळक्या काटक्या मोडून आणणं, सगळं उडता उडता चालतं. त्या काटक्या ती स्वतःच्या लाळेने भिंतीला चिकटवते आणि अर्ध्या बशीएवढं घरटं तयार करते. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर, गुहांच्या भिंतीला लाळेची घरटी चिकटवणाऱ्या पाकोळ्या कोकणातल्या पक्षीमित्रांना चांगल्या माहीत आहेत. ही तशीच कारागिरी, फक्त गुहेच्या जागी धुराडं.

आता असा पक्षी मोजायचा कुठे? झाडावर तो बसत नाही. आकाशात तो एका जागी थांबत नाही, आत्ता दिसलेला आणि दहा मिनिटांनी दिसलेला एकच की वेगळा हे सांगता येत नाही. दिवसभरात एकच अशी वेळ येते की तो एका अरुंद जागेतून, एकदाच, एकाच दिशेने जातो. ती वेळ रातथाऱ्यात शिरण्याची.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट हेरली ती जॉन जेम्स ऑड्युबॉन या चित्रकार-पक्षीतज्ज्ञाने. १८०७ च्या सुमारास तो केंटकीतल्या लुइव्हिल गावी राहायला गेला. गावाबाहेर सायकामोरचं एक पोकळ, अवाढव्य झाड होतं आणि संध्याकाळी त्यात पाकोळ्या शिरत. त्याने खोडाला कान लावून आतला घुमणारा आवाज ऐकला. पुढे बुंध्याला छेद करून कंदील घेऊन तो आत शिरला, तर आतली भिंत पक्ष्यांनी लिंपल्यासारखी भरलेली. एका वर्गफुटात किती पक्षी मावतात याचा अंदाज घेऊन त्याने गुणाकार केला आणि एका झाडात सुमारे ९,००० पाकोळ्या असल्याचं लिहून ठेवलं. आज मोजणीला बसणाऱ्यांचा तो एका अर्थी पूर्वज. त्याची रीत मात्र आता कुणी वापरत नाही. झोपलेल्या पक्ष्यांमध्ये शिरण्यापेक्षा बाहेर बसून मोजलेलं बरं, आणि ते जास्त खरंही असतं.

ऑड्युबॉनच्या काळात झाडातला रातथारा ही जुनी रीत झाली होती. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी मोठी पोकळ झाडं तोडून शेतं केली, घरं बांधली, आणि त्या घरांना विटांची धुराडी ठेवली. पक्ष्याच्या दृष्टीने धुराडं म्हणजे आतून खडबडीत, काळोखं, उभं भोक. थोडक्यात, पोकळ झाडच. १६७२ मध्येच जॉन जोसेलिन या प्रवाशाने न्यू इंग्लंडमधल्या धुराड्यांत काटक्यांची घरटी चिकटवणाऱ्या पक्ष्याचं वर्णन केलं आहे. म्हणजे गोरा माणूस तिथे रुळतो न रुळतो तोच पाकोळीने आपला संसार त्याच्या छपरावर हलवला. त्यानंतरची अडीचशे वर्षं तिला बरी गेली असावीत. घरं वाढली, गिरण्या आल्या, शाळांना आणि इस्पितळांना बॉयलरची उंच धुराडी आली. उन्हाळ्यात आग बंद असे आणि पक्ष्यांना जागा मोकळी मिळे.

या पक्ष्यासाठी माणसांनी घेतलेल्या कष्टांत मला सर्वांत भावतं ते आयोवातल्या अल्थिया शेरमनचं काम. या चित्रकार बाईंनी १९१५ मध्ये नॅशनल या खेड्यात आपल्या अंगणात लाकडाचा २८ फुटी मनोरा उभारला. मधोमध खोटं धुराडं, भोवती जिना, आणि जिन्यावरून आत डोकावायला झडपा. त्या वेळी साठीला पोचलेल्या बाई रोज त्या जिन्याने चढत-उतरत आणि पाकोळीची अंडी, पिल्लं, भरवणं सगळं तारीखवार लिहून ठेवत. त्याआधी धुराड्याच्या आत काय चालतं, हे कुणी इतकं सलग पाहिलेलंच नव्हतं. तो मनोरा अलीकडे दुरुस्त करून आयोवातच पुन्हा उभा केला आहे.

एक कोडं मात्र शिल्लक होतं. ऑक्टोबरनंतर हे पक्षी जातात कुठे? ते तळ्याच्या चिखलात निजून राहतात, असंही एके काळी लोक मानत. विसाव्या शतकात पक्षी पुन्हा ओळखता यावा म्हणून त्याच्या पायात क्रमांकाची कडी घालायला सुरुवात झाली तेव्हा धुराड्यांवर रात्री पिंजरे बसवून पहाटे बाहेर पडणारे पक्षी पकडण्याची युक्ती निघाली. टेनेसीतल्या मेम्फिसचे बेन कॉफी आणि त्यांच्यासारखे अनेक हौशी लोक स्काउटच्या मुलांना घेऊन हे काम करत. लाखो पक्ष्यांना कडी घातली गेली, पण हिवाळ्यातला एकही धागा हाती येईना. मग १९४४ मध्ये लिमातल्या अमेरिकन वकिलातीकडून १३ कडी आली. पेरूच्या ईशान्येला, यानायाको नदीच्या काठी आदिवासींनी आदल्या डिसेंबरात काही पक्षी मारले होते, त्यांच्या पायातली ती कडी. तेव्हा कुठे कळलं की ॲमेझॉनचं वरचं खोरं हे या पाकोळीचं हिवाळी घर आहे. १३ कड्यांमागे किती जणांच्या किती रात्री गेल्या होत्या, याचा हिशेब कुठेच नाही.

इथे मोजणीच्या इतिहासातली एक उणीव लक्षात येते. हौशी लोकांनी करायची सर्वांत जुनी पक्षीगणना १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी सुरू केली आणि ती आजही दर डिसेंबरात होते. पण डिसेंबरात धुराडे-पाकोळी ॲमेझॉनच्या खोऱ्यात असते, त्यामुळे त्या गणनेत ती येतच नाही. १९६६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने उन्हाळ्यातली मोठी गणना उभी राहिली. रस्त्याने ठरावीक अंतरावर थांबायचं, तीन मिनिटं दिसेल-ऐकू येईल ते टिपायचं. ती पहाटे आणि बहुतेक गावाबाहेरच्या रस्त्यांवर होते, पाकोळी मात्र गावातल्या छपरांची. तरीही या गणनेने जे दाखवलं ते धक्कादायक होतं. वर्षागणिक आकडा दोन-अडीच टक्क्यांनी घसरत होता. पन्नास वर्षांत तो निम्म्याच्याही बराच खाली आला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत हा पक्षी असुरक्षित गटात गेला. कॅनडात तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच त्याला धोक्यात असलेला ठरवलं होतं, कारण साडेतेरा वर्षांत तिथली संख्या जवळपास ३० टक्क्यांनी घटली होती.

घसरण कळली, पण कोणत्या गावात किती उरले आणि कोणतं धुराडं राखायला हवं, हे रस्त्यावरच्या गणनेतून कळत नाही. संध्याकाळच्या मोजणीची गरज इथे उभी राहिली.

टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ पॉल आणि जॉर्जियन काइल या दांपत्याने पाकोळीसाठी बांधलेल्या मनोऱ्यांवर अनेक वर्षं काम केलं, आणि ‘अ स्विफ्ट नाइट आउट’ (स्विफ्ट म्हणजे पाकोळी) नावाची मोजणी त्यांच्याच प्रयत्नांतून देशभर पसरली. ऑगस्ट आणि सप्टेंबरमधला ठरलेला एकेक आठवड्याचा शेवट, आपल्या जवळचं धुराडं, आणि एक आकडा. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटापासून रातथाऱ्यांवर लक्ष ठेवलं जात होतं. पुढे बर्ड स्टडीज कॅनडा या संस्थेने ‘स्विफ्टवॉच’ हा मोजणीचा उपक्रम उभारला. तिथल्या मोजणीचा भर मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीवर आहे. पक्षी नुकतेच परतलेले असतात, अजून घरट्यांवर विखुरलेले नसतात. साऱ्या देशात त्याच त्या संध्याकाळी मोजल्यामुळे एकच थवा दोन गावांत दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी होतो.

रीत सोपी आहे, पण नजर तयार व्हावी लागते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बसायचं, धुराड्याचं तोंड आकाशाच्या उजेडावर दिसेल अशी जागा धरायची. एकेक येतात तोवर एकेक मोजायचे, झुंबड उडाली की पाचापाचाने, दहादहाने. आत गेलेला पक्षी पुन्हा बाहेर आला तर वजा करायचा. शेवटचा शिरल्यावरही दहा मिनिटं थांबायचं. ज्या धुराड्यात फक्त घरटं असतं तिथे दोन-चार पक्षीच शिरतात, कारण शेकडो पाकोळ्या एकत्र निजल्या तरी एका धुराड्यात घरटं बहुधा एकाच जोडीचं असतं.

पक्षी कमी का झाले, याचं उत्तर सुरुवातीला सगळ्यांना सोपं वाटलं होतं. घरं गॅसवर आणि विजेवर गेली. जुनी धुराडी पाडली गेली, काहींवर झाकणं बसली, काहींत पत्र्याची गुळगुळीत नळी घातली गेली, आणि गुळगुळीत नळीत पाकोळीच्या नख्या टिकत नाहीत. हे खरं आहे. पण कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात शोध घेतला तेव्हा योग्य वाटणारी पुष्कळ धुराडी रिकामीच सापडली. जागा आहे आणि पक्षी नाहीत, मग अडचण दुसरीकडेही आहे.

तिचा एक माग त्याच प्रांतातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात लागला. तिथल्या फ्लेमिंग हॉलच्या धुराड्यात पाकोळ्या १९४० च्या दशकापासून सुमारे पन्नास वर्षं निजत आल्या होत्या आणि तळाशी त्यांच्या विष्ठेचा जवळजवळ माणसाच्या उंचीचा थर साचला होता. कुणी तो साफ केला नव्हता, हे भाग्यच म्हणायचं. क्रिस ग्रूम्स, जोसेफ नोसेरा, जॉन स्मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो थर तळ्याच्या गाळासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने वाचला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. डीडीटी या कीटकनाशकाचे अंश वाढले त्याच थरांत भुंगेऱ्यांचे अवशेष घटले आणि त्यांची जागा ढेकणांच्या गणातल्या किड्यांनी घेतली. म्हणजे पाकोळीच्या ताटातला पौष्टिक घास गेला आणि हलका आला. डीडीटी उतरल्यावरही ताट पूर्वीसारखं भरलं नाही. धुराड्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसून मिळणारे आकडे आणि तळाचा हा थर एकत्र ठेवून वाचावे लागतात, एकट्या झाकणांना दोष देऊन भागत नाही.

म्हणून धुराड्यांचा प्रश्न गौण ठरतो असं मला वाटत नाही. उडते किडे परत आणणं हे पिढ्यांचं काम आहे, धुराडं वाचवणं या वर्षी करता येतं. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या वुल्फव्हिल गावात जुन्या डेअरीची इमारत गेली, पण तिचं धुराडं गावकऱ्यांनी पाकोळ्यांसाठी राखलं आणि त्याच्याभोवती उभ्या केलेल्या केंद्राला रॉबी टफ्ट्स या पक्षीतज्ज्ञांचं नाव दिलं. पश्चिम किनाऱ्यावर ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या चॅपमन शाळेतली गोष्ट याहून हृद्य आहे. तिथे शिरतात त्या व्हॉक्स पाकोळ्या, जवळची पण वेगळी जात. पक्षी धुराड्यात होते म्हणून शाळेने सप्टेंबरच्या थंडीत बॉयलर पेटवला नाही आणि मुलं कोट घालून वर्गात बसली. पुढे शाळेला तापवण्याची वेगळी सोय झाली आणि धुराडं पक्ष्यांसाठी राहिलं. आजही सप्टेंबरात शाळेच्या टेकाडावर माणसं सतरंज्या टाकून बसतात.

मोजणीच्या कागदावर आणखी एक नियम असतो, नवे लोक तो हमखास विसरतात. सूर्य मावळला, दहा मिनिटं गेली, पूर्ण अंधार झाला, आणि गेल्या वर्षी तीनशे पाकोळ्या शिरलेल्या धुराड्यात आज एकही शिरली नाही, तर कागद कोरा घरी न्यायचा नाही. शून्य लिहायचं, तारीख आणि वेळ टाकायची आणि तो पाठवायचा.