पॅरिस–माद्रिद मोटार शर्यत (१९०३)

सार्वजनिक रस्त्यांवरून एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत होणाऱ्या मोटार शर्यतींचे युग जिने संपवले, ती शर्यत. फ्रान्स आणि स्पेन येथील मोटार क्लबांनी ती आखली होती. वर्सायहून निघायचे, बोर्दो आणि व्हितोरिया येथे मुक्काम करायचा आणि सुमारे १,३०० किमी. कापून माद्रिद गाठायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात ती बोर्दोच्या पुढे गेलीच नाही.

असल्या शर्यतींना तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. १८९५ मध्ये एमिल लव्हासोरने पॅरिस–बोर्दो–पॅरिस हे सुमारे १,१७८ किमी. अंतर ४८ तास ४८ मिनिटांत, म्हणजे ताशी साधारण २४ किमी. वेगाने कापले होते. १९०३ पर्यंत वेग चौपटीहून वाढला, रस्ते मात्र तेच राहिले : घोडागाड्यांसाठी केलेले, खडी-मातीचे, डांबर न पाहिलेले. मोटारीचे वजन १,००० किलोच्या आत हवे, एवढा नियम होता; इंजिनाच्या ताकदीला मर्यादा नव्हती. त्यामुळे कारखानदार इंजिन मोठे करीत आणि वजन भरून काढायला सांगाडा भोके पाडपाडून हलका करीत. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. चालकाच्या डोळ्यांवर धुळीचा चष्मा असे, डोक्याला संरक्षण काहीच नसे.

२४ मे रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास पहिली मोटार सुटली आणि पाठोपाठ एकेक मिनिटाच्या अंतराने दोनशेहून अधिक वाहने. दोन्ही कडांना लाखो लोक उभे होते. मोटार अगदी जवळ आली की तेवढ्यापुरते बाजूला सरत. सर्वांत मोठा शत्रू होता धुरळा. पुढच्या मोटारीने उडवलेल्या लोटात मागच्याला रस्ता दिसत नसे. काही जण तर रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंड्यांकडे पाहून वळणाचा अंदाज बांधत. पॉयत्येजवळ कुए-व्हेराक येथे मोटारी बनवणाऱ्या रनो बंधूंपैकी मार्सेल रनो अशाच धुरळ्यात पुढच्या मोटारीला मागे टाकू पाहत असता त्याची मोटार उलटली आणि दोन दिवसांनी तो वारला. त्याचा भाऊ लुई रनो तोवर बोर्दोत सर्वांच्या आधी पोहोचला होता. बातमी कळताच रनोच्या मोटारी शर्यतीतून काढून घेण्यात आल्या.

मार्सेलचे नाव सर्वत्र सांगितले जाते. चालकाशेजारी बसून तेल-इंधन पाहणारे, टायर बदलणारे आणि मागून कोण येते ते सांगणारे मेकॅनिक तितके आठवले जात नाहीत. त्यांची नोंद इथे व्हायलाच हवी. लोरेन बॅरोची मोटार कुत्रा आडवा आल्याने झाडावर आदळली, तेव्हा त्याचा मेकॅनिक प्येर रोदेझ जागीच ठार झाला. लेस्ली पोर्टरची वुल्स्ली मोटार रेल्वे फाटकापाशी घराच्या भिंतीवर गेली आणि निक्सन हा मेकॅनिक मेला. रस्त्यावर आलेल्या एका मुलाला वाचवायला धावलेला सैनिकही प्राणाला मुकला. एकंदर किमान आठ माणसे गेली. कामिय द्यु गास्त ही महिला चालक चांगल्या स्थानावर होती; जखमी झालेल्या स्टेड या चालकासाठी तिने आपली मोटार थांबवली आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहिली.

फ्रेंच सरकारने बोर्दोतच शर्यत बंद पाडली. इंजिने सुरू करण्याचीही परवानगी नव्हती. घोडे जुंपून मोटारी स्थानकात ओढून नेल्या आणि आगगाडीने परत पाठवल्या. बोर्दोपर्यंतच्या वेळेवरून फेर्नां गाब्रिएल विजयी ठरला. बराच मागून सुटूनही त्याने उपड्या होडीसारख्या आकाराच्या मोर्स मोटारीतून ५५२ किमी. अंतर ताशी १०५ किमी. सरासरीने कापले होते. अशा रस्त्यावर हा वेग आजही थक्क करतो.

यानंतर मोठ्या शर्यती वाहतूक बंद केलेल्या मंडलाकार मार्गांवर गेल्या. त्याच जुलैत आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत तशी झाली. १९०६ मध्ये ल माँ येथे पहिली फ्रेंच ग्रां प्री आणि १९०७ मध्ये इंग्लंडात खास बांधलेली ब्रुकलँड्सची धावपट्टी आली. चालकाशेजारी मेकॅनिक बसण्याची प्रथा मात्र ग्रां प्रीच्या मोटारींत १९२४ पर्यंत कायम होती.