‘सांगितलं नसतं तर कळलंही नसतं’

यशस्वी ट्रान्स स्त्रीवर, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रीवर, लेख आला की त्यात हे वाक्य कुठे ना कुठे सापडतंच. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटतं. त्याचा माग काढत गेलं की १ डिसेंबर १९५२ च्या न्यूयॉर्क ‘डेली न्यूज’पाशी पोहोचता येतं. त्या दिवशी पहिल्या पानावर ख्रिस्तीन जॉर्गेनसन होत्या. माजी सैनिकाची सोनेरी केसांची सुंदरी झाली, असा मथळा. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया करून घेऊन त्या फेब्रुवारी १९५३ मध्ये फरचा कोट घालून विमानातून उतरल्या, तेव्हा बातमीदारांची झुंबड उडाली होती. त्या गोऱ्या, सडपातळ आणि नीटनेटक्या होत्या. ‘यशस्वी’चा साचा तिथेच पडला. पण १९५९ मध्ये त्या लग्नाचा परवाना मागायला गेल्या, तेव्हा जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ आहे म्हणून तो नाकारला गेला. पहिल्या पानावरचं सौंदर्य खिडकीपलीकडच्या कारकुनाला पुरलं नाही.

ट्रान्स असल्याचं कुणाला ओळखू न येणं, याला ‘पासिंग’ म्हणतात. हा शब्द याहून जुना. अमेरिकेत उजळ वर्णाचे कृष्णवर्णीय लोक गोरे म्हणून वावरत, त्याला हे नाव होतं. लपवणं आणि पकडलं जाण्याची भीती, दोन्ही त्या शब्दात आधीपासूनच होती.

दबाव फक्त वर्तमानपत्रांचा होता असं मात्र नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने लिंगबदलासाठी क्लिनिक सुरू केलं, पाठोपाठ आणखी विद्यापीठांनी केली. शस्त्रक्रिया कुणाला मिळणार हे डॉक्टर ठरवत, आणि बाई म्हणून सहज खपून जाईल अशा व्यक्तीचं पारडं जड असे. ट्रान्स अभ्यासक सँडी स्टोन यांनी पुढे लिहिलं की स्टॅनफर्डचं क्लिनिक चालणं-बोलणं, नटणं शिकवणारी शाळाच बनलं होतं. आधीच्या आयुष्याच्या जागी पटेल असा भूतकाळ रचायचा, हीही अपेक्षा. म्हणजे खोटं बोलायला लावायचं डॉक्टरांनी, आणि खोटारडी ठरायची ती बाई!

ठरवणारे तयारच होते. ‘व्होग’मध्ये झळकलेल्या मॉडेल एप्रिल अ‍ॅशली यांचं ‘गुपित’ १९६१ मध्ये ब्रिटनच्या एका रविवारच्या वर्तमानपत्राने फोडलं आणि त्यांची कामं बंद झाली. ब्रिटिश मॉडेल कॅरोलाइन कॉसी यांचंही ‘गुपित’ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तसंच फोडलं गेलं. केसांच्या रंगाच्या खोक्यावर जिचा चेहरा होता, ती कृष्णवर्णीय मॉडेल ट्रेसी नॉर्मन हिचंही करिअर ओळख उघड झाल्यावर असंच थांबलं. समाजाने मागितलं होतं तेच या तिघींनी करून दाखवलं होतं, हे विसरू नये.

ट्रान्स लेखिका ज्युलिया सेरानो यांनी २००७ मध्ये माध्यमांतल्या ट्रान्स स्त्रियांचे दोन साचे दाखवले: फसवणारी आणि केविलवाणी. ओळखू न येणारी फसवी, ओळखू येणारी हास्यास्पद. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार नेमकं वाटतं. माहितीपट असो वा बातमीपट, आरशासमोर लिपस्टिक लावणारी ट्रान्स स्त्री त्यात असतेच. जणू बाईपण म्हणजे रोज चढवायचा मुखवटा.

जून २०१५ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’च्या मुखपृष्ठावर केटलिन जेनर आल्या. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनचं सुवर्णपदक मिळवलेली ही व्यक्ती. पण चर्चा झाली ती तिच्या दिसण्याची. आता बाई झालात, आता आम्हाला फक्त तुमच्या रूपाशी मतलब, अशी कोपरखळी विनोदवीर जॉन स्टुअर्ट यांनी टीव्हीवर मारली. तो चेहरा आणि ते छायाचित्र यामागे केवढा पैसा होता, हे ट्रान्स स्त्रियांना वेगळं सांगायला नको होतं. अनेकींनी त्याच मुखपृष्ठाच्या साच्यात स्वतःचे साधे फोटो टाकून पसरवले.

त्याच्या वर्षभर आधी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आलेल्या ट्रान्स अभिनेत्री लव्हर्न कॉक्स यांनीही तेव्हा लिहिलं, की हे रूप घडवण्याइतकी शरीरयष्टी किंवा पैसा बहुतेक ट्रान्स लोकांकडे नसतो. आपल्या मोठ्या हातांबद्दल, रुंद खांद्यांबद्दल, खर्जातल्या आवाजाबद्दल त्या जाहीरपणे बोलू लागल्या. क्लिनिकं जे झाकायला शिकवत होती, तेच हे.