भेटीची गोधडी अर्ध्यावर का अडते

घरातल्या कुणासाठी म्हणून हाती घेतलेली गोधडी तुकडे जोडून होईपर्यंत भराभर पुढे सरकते आणि नंतर कपाटात जाऊन बसते. याला आजची धावपळ कारणीभूत आहे असे आपण सहज म्हणतो, पण हे दुखणे फार जुने आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या संग्रहांमध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कितीतरी वरचे थर जपून ठेवले आहेत. तुकडे सुबक जोडलेले, रंगसंगती विचारपूर्वक केलेली, पण खाली ना कापूस, ना अस्तर. काहींच्या मागच्या बाजूला तर तुकड्यांना आकार देण्यासाठी टाचलेले कागदही तसेच राहून गेले आहेत. जुन्या पत्रांचे आणि वह्यांचे हे कपटे अभ्यासकांना सोन्यासारखे वाटतात, कारण कागदावर तारीख निघाली तर काम त्याआधीचे नाही, एवढे तरी नक्की होते. म्हणजे कुणाचे तरी काम अर्धे राहिले म्हणून आपल्याला त्याचा काळ कळतो.

इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन हिने ३१ मे १८११ रोजी बहिणीला, कॅसँड्राला, लिहिलेल्या पत्रात विचारले आहे की तुकड्यांच्या कामासाठी कापडे गोळा करायचे लक्षात आहे ना, आमचे काम थांबले आहे. दोघी बहिणी आणि आई मिळून करत असलेले ते पांघरूण पुढे पूर्ण झाले. ते चॉटन गावातल्या त्यांच्या घरी, आता संग्रहालय झालेल्या वास्तूत, पाहायला मिळते. त्यात कापसाचा थर नाही. तुकडे जोडले, मागे कापड लावले, संपले. आजही अनेकींना हा मार्ग मोह घालतो, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र पूर्ण अर्थाने गोधडी म्हणायची तर तीन थर लागतात आणि ते एकमेकांना धरून ठेवणारे टाके लागतात. घोडे पेंड खाते ते नेमके तिथेच.

थर एकमेकांवर ठेवून टाचण्याची कल्पना तुकडे जोडण्याच्या हौसेपेक्षा फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अबायडॉसहून आलेली, इजिप्तच्या पहिल्या राजवंशाच्या काळातली, हस्तिदंताची एक छोटी राजमूर्ती आहे. तिच्या अंगावरचा चौकटीदार झगा टाचलेल्या जाड कापडाचा असावा असे पुष्कळांना वाटते. मूर्तीवरून कापड ओळखायचे म्हणजे थोडा अंदाजाचाच मामला. ठोस पुरावा मंगोलियातल्या नोइन-उला इथल्या थडग्यांत मिळतो. १९२४-२५ मध्ये रशियन मोहिमेला तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, भरगच्च टाके घातलेले नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, गालिचे सापडले. युरोपात मध्ययुगात चिलखताखाली घालायचे जाड अंगरखेही असेच भरून टाचलेले असत. ऊब, बसायला मऊपणा, शस्त्राच्या घावापासून बचाव: गोधडीच्या टाक्याची सुरुवात अशी निव्वळ गरजेतून झाली.

भेट म्हणून, निदान समारंभासाठी म्हणून केलेल्या सर्वांत जुन्या युरोपीय नमुन्यांत सिसिलीची ट्रिस्टन गोधडी येते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही तागाच्या कापडाची वस्तू; तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि तिच्याशी नाते सांगणारा दुसरा भाग फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात. ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या कथेतले प्रसंग टाक्यांनी रेखून आकृत्यांच्या मागून कापूस भरला आहे, त्यामुळे माणसे, घोडी, जहाजे कापडातून उठून दिसतात. फ्लॉरेन्समधल्या एका बड्या घराण्याच्या लग्नाशी तिचा संबंध जोडला जातो. तो खरा असो वा नसो, एवढे काम हाताने करवून घेणे ऐपतवाल्यांनाच परवडण्यासारखे होते, हे उघड आहे.

इथे एक लाडकी समजूत बाजूला ठेवावी लागते. गोधडी म्हणजे गरिबाघरच्या काटकसरीतून जन्मलेली वस्तू, हे चित्र सगळ्या जगाला लागू पडत नाही. अमेरिकेत सतराव्या-अठराव्या शतकात टाचलेली पांघरुणे प्रामुख्याने सुखवस्तू घरांत दिसतात, कारण कापड महाग होते आणि इतका वेळ मोकळा असणे त्याहून महाग. गिरण्यांनी छापील सुती कापड स्वस्त केल्यावर, साधारण १८४० नंतर, तुकड्यांची गोधडी तिथे घरोघरी पोहोचली. इंग्लंडमधल्या तारीख असलेल्या सर्वांत जुन्या तुकडेकामांपैकी एक, १७१८ हे साल आणि ‘ई. एच.’ ही आद्याक्षरे जोडकामातच बसवलेले पांघरूण, तेही रेशमी आहे.

जुन्या कापडाला दुसरा जन्म देण्याची खरी, सलग परंपरा पाहायची तर बंगालकडे वळावे लागते. तिथे एकाच भूमीत दोन वेगळ्या धारा होत्या. एक बाहेरच्या बाजारासाठी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातगाव परिसरातून पोर्तुगीज व्यापारी सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने साखळी टाक्यात भरलेली मोठी पांघरुणे घेऊन जात. त्यांवर शिकारीचे प्रसंग असत, बायबलमधल्या कथा असत, जहाजे असत. दुसरी धारा घरातली, कांथाची. वापरून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवायची, साडीच्या काठातून रंगीत दोरा उसवून काढायचा आणि साध्या धावदोऱ्याने सगळे एकजीव करायचे. यात कापूस नाही. कापडाचे थर हेच भरण. थंडीसाठी लेप, अंथरायला सुजनी, पोथी गुंडाळायला बस्तनी, आरसा-कंगवा ठेवायला आरशीलता असे उपयोगाप्रमाणे प्रकार ठरलेले. विकण्यासाठी नसल्यामुळे कांथा जवळच्या माणसासाठीच होई. बाळ, जावई, नवरा, वडील यांच्यासाठी.

गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या आसपास बंगालच्या खेड्यापाड्यांतून अशा वस्तू जमवल्या. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका इथे आहे. त्यातला एक कांथा मानदासुंदरी दासी या बाईंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या वडिलांसाठी केलेला. स्वतःच्या हाताने केल्याचा आणि वडिलांना अर्पण करत असल्याचा मजकूर तिने कापडावरच टाक्यांनी लिहून ठेवला आहे. सोबत त्या काळातले गोरे शिपाई आहेत, साहेब आहेत. बापासाठी केलेल्या भेटीत लेकीने आपल्या आजूबाजूचे सगळे जग भरून टाकले. भेटीच्या गोधडीचा इतिहास लिहिताना मला हा नमुना ट्रिस्टनच्या राजेशाही कामापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तिथे करणारे हात निनावी राहिले; इथे देणारी कोण आणि घेणारा कोण, दोन्ही ठाऊक आहेत.

आता टाक्यांकडे. जुन्या गोधड्यांवर टाके इतके जवळजवळ का, याचे उत्तर सौंदर्यात शोधले जाते, पण मूळ कारण भरणात आहे. घरी पिंजलेला कापूस किंवा लोकर धुताना सरकते, गोळे होतात, एका कोपऱ्यात जमा होते. दोन ओळींमध्ये बोटभरच जागा सोडली तर भरण हलायला वाव राहत नाही. म्हणून वेल, पिसे, दोरखंडाचा पीळ, शंकरपाळ्याची जाळी असे रिकाम्या जागा भरून काढणारे नमुने रूढ झाले. तयार लाटलेला कापूस कारखान्यांतून मिळू लागला तसे हे गणित बदलले. अमेरिकेत सिनसिनाटीच्या स्टर्न्स अँड फॉस्टर या १८४६ च्या कंपनीचा ‘माउंटन मिस्ट’ कापूस पुढे इतका खपला की त्याच्या वेष्टनावर छापून येणारे नमुने हीच कित्येकींची पाठ्यपुस्तके झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिस्टरचे भरण आले आणि ओळी वितीएवढ्या दूर ठेवल्या तरी चालू लागले. आज भरणाच्या पाकिटावर ओळींमधले जास्तीत जास्त अंतर छापलेले असते. भेटीची गोधडी घाईत संपवताना हीच सूचना सर्वांत आधी डावलली जाते आणि पहिल्या दोन-चार धुण्यांतच ते दिसते.

हाताने टाके घालण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. तीन थर पसरून आधी मधून कडेकडे कच्चे टाके, मग आखूड सुई, बोटात अंगुस्तान, आणि सुई वरखाली झुलवत तीन-चार टाके एकदम सुईवर घेऊन दोरा ओढणे. गाठ थरांच्या आत ओढून दडवायची. चांगल्या हाताचे वरून दिसणारे टाके इंचाला ८ ते १० भरतात. पलंगभर गोधडीला शेकडो तास लागतात ते या हिशेबाने. शिवाय थर ताणून धरणारी मोठी लाकडी चौकट मांडायची तर एक खोली अडते. तुकडे जोडणे मांडीवर, गप्पा मारत, प्रवासातही होते. टाके घालायला जागा, उजेड आणि सलग वेळ हवा. वरचे थर पडून राहिले ते याच फरकामुळे.

पूर्वी या अडचणीवर दोन उपाय होते. एक, पैसे देऊन करवून घेणे. वेल्समध्ये टाके घालणाऱ्या बायका शेतवाडीवरून शेतवाडीवर फिरत, घरातल्या मुलीचे लग्न ठरले की तिथे मुक्काम ठोकून गोधड्या पुऱ्या करून देत. उत्तर इंग्लंडमध्ये तर नुसते नमुना आखून देणारे व्यावसायिक होते. ॲलनहेड्सचा दुकानदार जॉर्ज गार्डिनर आणि त्याच्याकडे शिकलेली एलिझाबेथ सँडरसन (१८६१-१९३३) निळ्या पेन्सिलीने सगळा थर आखून देत. गिऱ्हाईक घरी नेऊन त्या रेघांवरून टाके घाली. आज आखलेले कापड विकत घेतल्यावर अपराधी वाटून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा उपाय, हात वाढवणे. अमेरिकेत शेजारणी एका चौकटीभोवती बसून गोधडी संपवत. १८४० च्या दशकात तिथे सह्यांच्या गोधड्यांची लाट आली. कुटुंबे पश्चिमेकडे निघत, परत भेट होईलच असे नसे; मागे राहणारी माणसे एकेका चौकोनावर नाव घालून गोधडी सोबत देत. याला रसायनाचीही साथ होती. आधीच्या शाईतले लोह कापड कुरतडून टाकी. १८३०-४० च्या दशकांत बरी पक्की शाई बाजारात आली आणि टाक्यांऐवजी लेखणीने नाव लिहिता येऊ लागले. वधूच्या बारा गोधड्या पुऱ्या झाल्या की तेरावी लग्नाची करायची, किंवा ईश्वरापुढे नम्रता म्हणून मुद्दाम एक चूक ठेवायची, या कथा मात्र पुढच्या पिढ्यांनी रंगवल्या असाव्यात. त्या काळातले आधार फारसे हाती लागत नाहीत. चुका आपोआपच होतात, त्यासाठी धर्मशास्त्र लागत नाही.

शिवणयंत्राने १८५० नंतर जोडकाम आणि कडा आपल्याकडे घेतल्या, पण थर टाचणे कितीतरी काळ हातातच राहिले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि जुन्या हातकामाला नवी प्रतिष्ठा आली. १९८९ मध्ये केंटकीतल्या पडूका इथल्या मोठ्या स्पर्धेत यंत्राने टाचलेल्या गोधडीला पहिल्यांदाच सर्वोच्च बक्षीस मिळाले, तेव्हा वादही झाला. त्यानंतर हाताने टाके घालायलाच हवेत ही सक्ती संपली. विकायची असेल तर तासांचा हिशेब जुळत नाही. त्यामुळे हातटाके आता मुख्यतः उरले आहेत ते किंमत न लावता द्यायच्या वस्तूत.

अलाबामातल्या जीज बेंड वस्तीच्या मिसुरी पेटवेने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. गुडघ्याला विरलेले, उन्हाने विटलेले कापड तिने तसेच वापरले. त्याची आठवण राहावी आणि मायेने पांघरता यावे, असा तिचा हेतू होता, हे मुलीने पुढे सांगितले. मुलीने सांगितले नसते तर आज ती निळ्या-राखाडी पट्ट्यांची एक देखणी रचना एवढीच उरली असती.

शेवटची दोन कामे त्या मानाने छोटी. एक कड. जुन्या ब्रिटिश गोधड्यांत दोन्ही थरांच्या कडा आत दुमडून वरून धावदोरा घालत; दुसरीकडे वेगळ्या पट्टीचा गोट लावण्याची पद्धत जास्त रुळली. कड सर्वांत आधी झिजते, म्हणून पट्टी दुहेरी घ्यावी आणि मागून बारीक तुरपावी. कड एकदा बदलली गेली की फसगतही होते: नव्या गोटावरून जुनी गोधडी कालची वाटू शकते.

दुसरे नाव. १९८१ मध्ये केंटकी राज्यात घरोघरच्या गोधड्यांची नोंद करण्याचा उपक्रम सुरू झाला, पाठोपाठ इतर राज्यांतही झाला, आणि सगळीकडे तीच रड निघाली: वस्तू समोर, करणारी कोण ते कुणालाच माहीत नाही. गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सची १८८६ च्या सुमाराची, बायबलमधले प्रसंग चौकटी-चौकटींत दाखवणारी गोधडी आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हातात पैसे नसल्यामुळे तिला ती अवघ्या ५ डॉलरला विकावी लागली. पण विकत घेणाऱ्या बाईने तिच्या तोंडून प्रत्येक चौकटीचा अर्थ लिहून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. त्यामुळे अलीकडे जपणूक करणारे तज्ज्ञ सांगतात की कुणी, कुणासाठी, कोणत्या साली आणि कुठे केली हे सुती पट्टीवर पक्क्या शाईने लिहावे, आणि ती पट्टी अस्तरावर टाके घालण्याआधीच लावावी. मग टाके तिच्यातूनही जातात आणि गोधडी न उसवता ती कुणालाच काढता येत नाही. धुण्याची सूचनाही त्याच पट्टीवर लिहिता येते. ज्याला द्यायची त्याला बहुधा तीच आधी लागते.