सहा स्क्रू, एक पट्टी

मिस्त्रीमामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप उलटापालटा करून बघितला. "अरं, ही तर आपली कॉईलच की रं!"

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात, गिटार पहिल्यांदाच आली होती. मला फक्त चांगलं सोल्डरिंग हवं होतं. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बांधतात त्या टोकाचा, जुना हंबकर (घरघर मारणारा दोन कॉईलचा पिकअप) काढून तिथं त्याचाच पट्टीवाला भाऊ, रेल हंबकर, बसवायचा होता. काम तासाभराचं, पण शेजारचा लेथवालाही हात पुसत बघायला आला आणि संध्याकाळ तिथंच गेली.

पिकअप म्हणजे माइक नव्हे. आवाजाशी त्याचं देणंघेणं नसतं. त्यातल्या चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबक बनते. ती थरथरली की कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि तांब्यात वीज उमटते. मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. मिरजेच्या तंबोऱ्याखाली असा पिकअप धरला तर पोलादी तारा बोलतील आणि पितळेची खर्जाची तार मुकी राहील.

पण कॉईलला घरचं-बाहेरचं कळत नाही. ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर, मंडपातले डिमर, सगळ्यांची 50 हर्ट्झची घुंई ती तारेच्या सुराबरोबर उचलते. यावर गिटार बनवणाऱ्या अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये तोड काढली. अँप्लिफायरमधली घरघर मारणारा दोन कॉईलचा चोक त्यांनी आधी केलेला होता, तीच युक्ती पिकअपला लावली. दोन कॉईल शेजारी ठेवायच्या आणि एकीची जोडणी उलटी करायची. बाहेरची घरघर दोन्हींत सारखी शिरते आणि जोडणी उलटी म्हणून एकमेकींना खाऊन टाकते. मग सूरही मरायला हवा, पण दुसऱ्या कॉईलखाली चुंबकाचा ध्रुवही उलटा असतो. सूर दोनदा उलटून सुलटा होतो आणि दुप्पट जोरानं बाहेर पडतो. पेटंट मिळालं 1959 मध्ये. तरी त्यानंतरही काही वर्षं पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशीच चिठ्ठी असायची, म्हणून त्या पिकअपना आजही 'पीएएफ' म्हणतात.

त्या रचनेत एका कॉईलमध्ये सहा स्क्रू आणि दुसरीत सहा पोलादी गुल्ल्या असतात, प्रत्येक तारेखाली एकेक. रेल पिकअपमध्ये या बाराजणांची सुट्टी होते आणि प्रत्येक कॉईलच्या पोटातून पोलादाची एक अखंड पट्टी जाते. बाकी तत्त्व तेच.

दोन्ही पिकअप बाकावर ठेवून वर कागद धरला. लेथवाल्यानं बिडाचा चिमूटभर कीस आणून भुरभुरला. जुन्यावर छोटे छोटे झुबके उभे राहिले, मधे मोकळी जागा. रेलवर दोन सलग रांगा उठल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. (हा खेळ कागदाशिवाय करू नका. कीस कॉईलपाशी शिरला की निघता निघत नाही.)

रेलच्या जाहिराती नेमकं हेच दाखवतात. तार ताणून मींड घेताना ती स्क्रूवरून सरकते, आवाज पडतो, पट्टीवर मात्र पडत नाही. मीही याच बोलीवर पिकअप घेतला होता. मामांनी मोजपट्टी काढून मोजायला लावलं, तेव्हा पंचाईत झाली.

माझ्या गिटारची तार 648 मिलिमीटर आहे. बाराव्या पडद्यावर बोट म्हणजे ब्रिजपासून 324 वर. तिथं तार 9 मिलिमीटर बाजूला ओढली, तरी ब्रिजच्या टोकाला ती बांधलेलीच असते. ब्रिजचा पिकअप तिथून जेमतेम 40 मिलिमीटरवर, म्हणजे त्याच्या डोक्यावर तार सरकते सुमारे 1 मिलिमीटर. स्क्रूचं डोकंसुद्धा याहून रुंद असतं! खरा फरक पडला तर मानेजवळच्या पिकअपवर पडेल. तो 160 मिलिमीटरवर आहे, तिथं तार साडेचार मिलिमीटर सरकते आणि तारांखालच्या दोन खांबांच्या जवळजवळ मधे येते. तिथंही क्षेत्र शून्य होत नाही, पातळ होतं. मी रेल घेतला होता ब्रिजसाठी.

तरी बसवल्यावर आवाज बदललाच, जाड आणि दांडगा झाला. मींड हे त्याचं कारण नव्हे, कारण लोखंड आणि तांबं. जुना पिकअप मीटरवर 8 किलोओहम दाखवत होता, नवा 16. मामांच्या मोटरीत काही ओहमचा हिशेब असतो, त्यामुळे ते हसले. पीएएफच्या एकेका कॉईलला साधारण 5000 वेढे असतात आणि तांब्याची तार 0.063 मिलिमीटरची, केसाएवढी. दणकट रेलमध्ये वेढे जास्त आणि तार बहुधा आणखी बारीक असते. त्यात पट्टीचं लोखंडही भरीव. दोन्हींमुळे कॉईलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला अडवायचा गुण, चढतो. गिटारची कॉईल आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) मिळून साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या दरम्यान आवाजात एक उंचवटा तयार करतात. आवाजाची धार तिथं असते. इंडक्टन्स दुप्पट झाला तर 3000 चा उंचवटा 2100 च्या आसपास उतरतो. धार बोथट, पोट भरलेलं.

आणखी एक चोर आहे. "पट्टी अखंड कशाला ठेवली? ट्रान्सफॉर्मरला आपण पत्रे लावतो की," मामा म्हणाले. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात भरीव पोलादात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, त्यांना एडी करंट म्हणतात. ते ऊर्जा खातात, आणि उंच सुरांतली जास्त खातात. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेच टाळायला एकमेकांपासून वेगळे राखलेले पातळ पत्रे रचतात. म्हणून पट्टीची जाडी आणि पोलादाची जात हा कारागिरीचा मामला होतो. 1970 च्या दशकात बिल लॉरेन्स आणि लॅरी डिमार्झिओ या पिकअप बनवणाऱ्यांनी पट्टीचे हंबकर आणले, 1980 च्या दशकात जो बार्डन यांनी डॅनी गॅटन या गिटारवादकासाठी. पट्टी दिसायला सारखी, आवाज प्रत्येकाचा निराळा.

तशी पट्टी फार जुनी. गिब्सनच्या 1936 च्या ईएस-150 गिटारवर एकाच कॉईलमधून पोलादी पातं वर आलेलं होतं. त्यावर दुसरी तार फार मोठ्यानं बोलायची, म्हणून पुढे तिच्याखाली पात्यात खाच पाडली. स्क्रूचा फायदा इथं कळतो. एखादी तार ओरडत असेल तर तिचा स्क्रू खाली घ्यायचा. रेलवर ती सोय गेली, पिकअप एका बाजूनं तिरका करा, बस. उलट तारांमधलं अंतर कितीही असो, सात तारा असोत, पट्टीला फरक पडत नाही. बनवणाऱ्यांना ती का आवडते, याचं मला हे कारण मींडेपेक्षा जास्त पटतं.

रेल मी काढला नाही. जाड आवाज ऑर्केस्ट्रात लावणीच्या तुकड्यांना शोभतो, आणि मोजलेले पैसे तर गेलेच होते. मानेजवळ जुनाच एका कॉईलचा पिकअप आहे, सहा खांबांचा. त्या संध्याकाळी अँप चालू करून बघत होतो, तोच पलीकडच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं. रेल गप्प होता. स्विच मानेकडे ढकलला तशी घुंई अशी उठली, की मामांनी सवयीनं मोटरचा मेन बंद केला.