हेवीवेटची जोड आणि फसलेले अंदाज

हेवीवेट बॉक्सिंगची मोठी लढत जाहीर झाली की आमच्या तालमीत दोन तट पडतात. संध्याकाळची मेहनत उरकते, पोरं अंगावरची माती झाडत कट्ट्यावर येतात आणि मोबाइलवर दोघा बॉक्सरांची उंची, वजन, जिंकलेल्या लढती यांची तुलना सुरू होते. कुस्तीच्या गावाला ठोशांचं कसलं वेड, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण जोड पारखणं हे कोल्हापूरच्या अंगवळणी पडलेलं काम आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, आखाडा दिसतो. तिथं बसून चार पिढ्यांनी पैलवान हौद्यात उतरायच्या आधीच कोण भारी पडणार याचा अदमास बांधला आहे. म्हणूनच हेवीवेटचे अंदाज आजवर कसे बांधले गेले आणि कुठं फसले, हे इथल्या माणसाला लवकर उमगतं.

हेवीवेट गटाला खालची मर्यादा आहे, वरची नाही. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोच्या वरचा कुणीही या गटात खेळतो. त्यामुळं दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असू शकतो आणि नवखा माणूस थोरल्या अंगाच्या बाजूला झुकतो. ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेत टोलेडो गावी जेस विलार्डसमोर जॅक डेम्प्सी उभा राहिला. विलार्ड साडेसहा फुटांचा, २४५ पौंडांचा. डेम्प्सी १८७ पौंडांचा. डेम्प्सीनं पहिल्याच फेरीत विलार्डला सात वेळा खाली पाडलं.

देहावरून अंदाज फसतो हे लोक लवकर शिकले. मागच्या लढतीवरून अंदाज फसतो, हे मात्र शंभर वर्षांत शिकले नाहीत. बहुतेक मोठे अंदाज तिथंच गडगडले, असं माझं ठाम मत आहे.

१९३६ सालचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जो लुई बावीस वर्षांचा, एकही लढत न हरलेला. समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, वय तिशीचं, संपलेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला. पण श्मेलिंगनं लुईच्या लढतींची फिल्म पुन्हापुन्हा पाहिली होती आणि त्याला एक खोड सापडली होती. डाव्या हाताचा सरळ ठोसा मारला की तो हात लगेच हनुवटीपाशी परत यायला हवा. लुईचा हात परत येताना खाली घसरायचा. पापणी लवेल एवढाच वेळ, पण तेवढ्यात जबड्याची डावी बाजू उघडी पडायची. १९ जूनच्या रात्री श्मेलिंग उजवा हात तयार ठेवून त्या एका क्षणाची वाट बघत राहिला. चौथ्या फेरीत लुई खाली गेला, बाराव्या फेरीत उठलाच नाही. आमचे वस्ताद समोरच्या पैलवानाची सलामी बघतानाच हेच शोधतात: कुठला पाय आधी टाकतो, पट काढताना मान किती खाली जाते. श्मेलिंगनं केलं ते निव्वळ वस्तादाचं काम होतं.

आणि तरीही त्याच्या विजयावरून पुढचा अंदाज बांधणारे फसलेच. सापडलेली खोड दुरुस्त करता येते. २२ जून १९३८ रोजी, पहिली लढत झाली त्याच न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये, सुमारे सत्तर हजार लोकांसमोर लुईनं श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. याला जोड आपल्याकडेही आहे. १९१० साली लंडनला पोलंडचा पैलवान झिबिस्को आपल्या गामासमोर पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून जास्त चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. त्यावरून दोघं तोडीस तोड म्हणणाऱ्यांना १९२८ साली पतियाळात उत्तर मिळालं. तिथं गामानं एक मिनिटही लागू दिलं नाही.

पुढची मोठी फसगत २५ फेब्रुवारी १९६४ ची, मायामी बीचची. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, सॉनी लिस्टनसमोर. जमलेल्या ४६ क्रीडापत्रकारांपैकी ४३ जणांनी लिस्टनचं नाव घेतलं. त्यांच्याकडे कारणं होती, हे मान्य करायला हवं. आदल्या वर्षी हेन्री कूपरनं क्लेला खाली पाडलं होतं आणि लिस्टननं फ्लॉइड पॅटरसनला दोन वेळा पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. पण त्या दोन लढती मिळून साडेचार मिनिटंही झाल्या नव्हत्या, हा हिशोब कुणी मांडला नाही. लिस्टनचा दम कित्येक दिवसांत कुणी पाहिलाच नव्हता. सातव्या फेरीची घंटा झाली आणि तो स्टुलावरून उठला नाही.

दहा वर्षांनी तेच पुन्हा घडलं. जॉर्ज फोरमनच्या नावावर ४० पैकी ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. फ्रेझर आणि नॉर्टन दोघंही त्याच्यासमोर दुसऱ्या फेरीपलीकडे टिकले नव्हते. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अली दोरांना टेकून मार झेलत राहिला, फोरमनचे हात जड होऊ दिले आणि आठव्या फेरीत त्याला आडवं केलं. पैलवान कितीही ताकदीचा असो, त्याला लांब खेचली तर काय होतं हे आधी बघ, असं तालमीत सांगतात. जगातल्या मोठ्या मोठ्या जाणकारांनी हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मधल्या काळात हे काम यंत्राला सांगून झालं. १९६७ साली अमेरिकेत रेडिओसाठी संगणकावर जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा भरवली गेली. त्यात अली जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरला आणि त्यानं त्याबद्दल दावा ठोकला. नंतर अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांना समोरासमोर उभं करून चित्रीकरण झालं. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या निकालात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. तो निकाल बघायला तो नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात तो गेला होता. यंत्रात भरलेलं सगळं माणसांनी दिलेल्या गुणांवरच उभं होतं, त्यामुळं माणसांची नजर जिथं कमी पडते तिथं ते यंत्रही कमीच पडणार होतं.

भाव हा शब्द कट्ट्यावर फार सैल वापरला जातो, म्हणून थोडं त्याबद्दल. भाव म्हणजे जाणकारांचा अंदाज नव्हे. पैज लावणाऱ्या लोकांचा पैसा कुठल्या बाजूला पडतोय याचं ते माप असतं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत माइक टायसनसमोर बस्टर डग्लस उभा होता आणि भाव होता ४२ ला १, म्हणजे डग्लसवर लावलेल्या एका डॉलरला बेचाळीस. टायसन ३७ लढती जिंकलेला. डग्लसची आई काही आठवड्यांपूर्वीच वारली होती आणि तो वेगळ्याच निश्चयानं उतरला होता. आठव्या फेरीत तो पडला आणि उठला. दहाव्या फेरीत टायसन पडला. दुःख गिळून माणूस किती पेटून उठतो, हे कुठल्या भावात बसणार?

२००१ ची गोष्ट याच्या अगदी उलट. लेनॉक्स लुईस जोहान्सबर्गजवळच्या उंचावरच्या विरळ हवेत उशिरा पोहोचला, नेहमीपेक्षा जड होता आणि पाचव्या फेरीत हसीम रहमाननं त्याला झोपवलं. सहा-सात महिन्यांनी तयारीनिशी आलेल्या लुईसनं चौथ्या फेरीतच हिशोब चुकता केला.

१८ मे २०२४ ची रियाधची लढत आपल्याकडे रविवारी पहाटे लागली. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, ओलेक्झांडर उसिक सहा फूट तीन. पोरं मेहनतीआधीच उठून बसली होती आणि जवळजवळ सगळी फ्युरीच्या बाजूची. वस्तादांनी आधी मोबाइलचा आवाज बंद करायला लावला. "उंचीवर जाऊ नका, पोरांनो. त्या धाकल्याचे पाय बघा," एवढंच ते म्हणाले. उसिक डावखुरा. त्याचा पुढचा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडत होता, आणि असा पाय पडला की डाव्या हाताला वाट मोकळी होते. मधल्या फेऱ्या फ्युरीनं घेतल्या तेव्हा पोरांनी कल्ला केला. नवव्या फेरीत त्या डाव्या हातानं फ्युरी दोरांवर हेलपाटत गेला. तीनपैकी दोन पंचांनी उसिकला दिली, एकानं फ्युरीला. फक्त एक ते तीन गुणांचा खेळ होता, आणि वस्तादांनी तेही पोरांना दाखवून दिलं.

डिसेंबरात पुन्हा जोड लागली. या खेपेला पोरांनी आपणहून आवाज बंद केला. तिन्ही पंचांनी ११६-११२ असे गुण उसिकच्या बाजूनं दिले.